खोटे चार दिवस

गेल्या पावसाळ्यापासून माझं महिन्याचं गणित पुन्हा बिघडलं आहे. वय झालं, असं दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या. अंगातल्या ग्रंथी कसलासा रस सोडतात, त्याला हार्मोन म्हणतात, तो आता कमीजास्त होतो, म्हणून कधी घाम येतो, कधी रडू. रडू माझं पूर्वीपासूनचं आहे, त्यात हार्मोनचा हात किती, हे मी त्यांना विचारलं नाही. त्यांनी मात्र मागच्या तारखा विचारल्या, आणि मी, चाळिशी केव्हाच ओलांडलेली बाई, खुर्चीत अवघडून बसले. तारखा विचारल्या की माझ्या तोंडात आधी खोटंच येतं. ही सवय मला बालाघाटला लागली, लग्नाच्या दुसऱ्या वर्षी.

माझं माहेर वैनगंगेच्याच काठचं, पण खाली, भंडाऱ्याकडचं. सासर त्याच नदीवर, वरच्या अंगाला. एकाच नदीचं पाणी आहे, करमेल, असं वडील म्हणाले होते. घर दोन खोल्यांचं, मागे छपरी, छपरीपलीकडे एका धानाच्या व्यापाऱ्याच्या गोदामाची लांबच लांब भिंत. माणसं दोन. मी आणि सासू. तिला मी मामीजी म्हणायची. सासरे माझ्या लग्नाआधीच गेलेले. आमचे हे तिरोडीच्या मँगनीज खाणीत कारकून, तिथं दुसऱ्या एका कारकुनाबरोबर एका खोलीत राहायचे. शनिवारी संध्याकाळी वारासिवनी, कटंगी करत मोटर यायची, तिच्यातून हे उतरायचे, तांबूस धुळीनं माखलेले. रविवार झोपण्यात जायचा. सोमवारी उजाडताना पुन्हा मोटर.

उरलेले दिवस आम्हा दोघींचे. मामीजी वाईट नव्हती, फक्त बोलायची नाही. दिवसभरात आमच्यात वीसेक वाक्यं होत असतील, त्यातली बारा तांदळाबद्दल. मी दुपारी छपरीत बसून गोदामाच्या भिंतीकडं पाहायची. भिंत पाहण्यात माणूस किती वेळ घालवू शकतो, याचा अनुभव मला खूप आहे, पण तो कुणी विचारत नाही.

लग्नाला वर्ष झालं आणि माझी पाळी चुकायला लागली. कधी चाळीस दिवस, कधी दोन महिने. सातआठ दिवस वर झाले की मामीजीत फरक पडायचा. बोलणं वाढायचं नाही, पण माझ्या भातावर तूप वाढायचं. पाण्याची गुंडी माझ्या हातातून काढून घ्यायची. एकदा तर माझ्या लुगड्याचा पदर तिनं उगीचच नीट केला. मला ते आवडायचं, खोटं कशाला बोलू. आणि मग एका सकाळी मी न शिवता दारापलीकडूनच सांगायची की कावळा शिवला, आणि चटई घेऊन छपरीत जायची. आमच्याकडं चार दिवस बाहेर बसायची रीत. चूल नाही, देव नाही, पाण्याची भांडी नाहीत. पाचव्या दिवशी डोक्यावरून न्हायचं आणि घरात यायचं. त्या चार दिवसांत मामीजी ताट उंबऱ्यावर ठेवायची आणि एक शब्द बोलायची नाही. विसांतली बारासुद्धा बंद.

मूल झालं नाही. हे इथंच सांगून टाकते, नाहीतर वाचणाराही मामीजीसारखा वाट पाहत बसेल.

तीनदा असं झालं. तिसऱ्यांदा मला वाटलं, हिला आशा लागण्याआधीच काही केलं पाहिजे. म्हणून पुढच्या वेळी अठ्ठाविसावा दिवस आला, तसं काही नसताना, मी चटई उचलली आणि छपरीत जाऊन बसले. मामीजीनं नुसतं "बरं" म्हटलं. वाट पाहायला तिला वेळच मिळाला नव्हता, त्यामुळं निराशाही नव्हती. संध्याकाळी उंबऱ्यावर ताट ठेवताना ती म्हणाली, तांदूळ जुना निघाला, मोकळा होते. मला जिंकल्यासारखं वाटलं.

तेव्हापासून दर अठ्ठावीस दिवसांनी, मंगळवारी, मी बाहेर बसायला लागले. मंगळवार मी विचार करून निवडला होता. मंगळ ते शुक्र चार दिवस, शनिवारी न्हाणं, संध्याकाळी हे येणार. इतकी अक्कल मी शाळेत दाखवली असती तर मॅट्रिक झाले असते. कोरडी फडकी उगीच भिजवून, पिळून, मागच्या दोरीवर गोणपाटाखाली वाळत घालायची. शेजारच्या काकू मामीजीला म्हणाल्या, तुमची सून घड्याळासारखी आहे बाई. मामीजीनं ते मला येऊन सांगितलं. त्या दिवशी आमची एकवीस वाक्यं झाली.

खरी पाळी मात्र घड्याळ पाहत नव्हती. ती येई तेव्हा येई. आता खोटे चार दिवस नुकतेच बसून झालेले, पुन्हा कशी बसणार? म्हणून मी सांगायचीच नाही. चूल पेटवायची, पाणी भरायची, मामीजीच्या देव्हाऱ्यासमोर रांगोळी काढायची. ती सकाळी न्हाल्याशिवाय घोट पाणी न पिणारी बाई माझ्या हातचं जेवायची. एकदा नवरात्रात घट बसलेले असताना असं झालं. दोन दिवस मी नैवेद्य रांधला, आणि हात इतके कापत होते की पुऱ्या सगळ्या भारताच्या नकाशासारख्या झाल्या.

पाप केलं की भरपाई हवी. मी उपास धरले. सोमवार होताच, त्यात गुरुवार आला, मग शनिवार, मग एकादशी, चतुर्थी. चहा आणि शिंगाड्याच्या पिठाची लापशी. आठवड्यात जेवणाचे दिवस कमी आणि उपाशी दिवस जास्त झाले. मामीजीला वाटायचं, पोरासाठी करते. तेही खरं होतं, अर्धं. वर्षाअखेरीस माझी कोपरं टोकदार झाली, केस फणीत यायला लागले, आणि खरी पाळी तीन महिन्यांत एकदा, तीही तोंड दाखवण्यापुरती. म्हणजे लपवायचं काम सोपं झालं. मी देवाचे आभार मानले. अशी मी हुशार.

मग मामीजीनं सुईणबाईला बोलावलं. म्हातारी बाई, पलीकडच्या मोहल्ल्यातली. अर्ध्या गावाची बाळंतपणं तिनं केलेली. परसवाड्याच्या बाजारात जंगलातल्या बाया मुळ्या घेऊन येत, त्यांच्याकडून शतावरी आणून वाळवून ठेवायची. तिनं तारखा विचारल्या. मी तोंड उघडायच्या आत मामीजीनं मोठ्या अभिमानानं सांगितलं, दर अठ्ठावीस दिवसानं, मंगळवारी. सुईणबाईनं बोटांच्या पेरांवर मोजलं आणि म्हणाली, चवदावा-पंधरावा दिवस चांगला. नवरा तेव्हा घरी पाहिजे.

चौदावा-पंधरावा दिवस म्हणजे सोमवार आणि मंगळवार. ह्यांना रजा काढावी लागली. पहिल्या महिन्यात साहेबाला आईची तबियत ठीक नाही असं सांगितलं, दुसऱ्या महिन्यात पुन्हा तेच. साहेब म्हणाला, तुझी आई सोमवारीच काहून बिमार पडते. हे मला हसत हसत सांगत होते, पण डोळ्यांखाली काळं होतं, आणि मी चहाचा कप पुढं करून खाली पाहत होते. ज्या दिवसांना काही अर्थ नव्हता त्या दिवसांसाठी हा माणूस साहेबाची बोलणी खात होता. तेव्हा मी सांगायला हवं होतं. मी त्यांना आणखी एक कप चहा दिला.

तिसऱ्या महिन्यात सुईणबाई पुन्हा आली. मामीजी देवळात गेलेली. म्हातारीनं माझी खालची पापणी ओढून पाहिली, नखं दाबून पाहिली, बरगड्यांवरून हात फिरवला आणि माझ्यासमोर मांडी घालून बसली.

"पोरी, हे महिन्याच्या महिन्याले येणाऱ्या बाईचं आंग नाई."

मी नखं पदरात लपवली. तिनं घाई केली नाही, पानाची चंची सोडून सुपारी कातरत बसली. तेव्हा मी सगळं सांगितलं. कुणाला काही सांगून बरेच महिने झाले होते, त्यामुळं जरा जास्तच सांगितलं, भिंतीचंसुद्धा.

ती म्हणाली, तिच्याकडं कोंबड्या आहेत. थंडीत दिवस लहान होतो, दाणाही कमी पडतो, तशी कोंबडी अंडं देणं बंद करते. ती बिमार नसते. तिच्या आंगाले समजते का आता दिवस बरोबर नाहीत, म्हणून ती थांबून राहते. दाणा द्या, ऊन द्या, मांजराचं भेव काढा, ती पुन्हा देते. मला कोंबडी म्हटल्याचा राग आला, आणि त्याच वेळी इतकं बरं वाटलं की मी पदरात तोंड घालून रडले. मी बिघडले नव्हते. मी थांबले होते.

शतावरी दुधात शिजवून घेशील, तीळ खाशील, जवसाची चटणी खाशील, ते सगळं सांगते, असं ती म्हणाली. पण सगळ्यात आधी उपास बंद. सकाळी उठल्यावर पोटात गरम काही गेलं पाहिजे. नदीपर्यंत चालत जायचं, उन्हात. दिवा मालवला की झोपायचं, छताकडं पाहत पडायचं नाही. आणि चार महिने खऱ्या दिवसांच्या रेघा मारून ठेवायच्या, खऱ्या. त्या रेघा पाहूनच ती पुढचं सांगणार होती.

"न् हे तुह्या सासूले मालूम पायजे. ताट तिच्या हातात आहे. तू नाई सांगतलं तं मी तुले एक मुळी देत नाई."

मी आठ दिवस घालवले. खरं तर पुढच्या मंगळवारची चटईसुद्धा झटकून ठेवली होती. पण त्या मंगळवारी सकाळी हे रजा मिळेल का ते विचारायला तिसऱ्यांदा साहेबापुढं उभे राहणार होते, आणि मला तो माणूस डोळ्यांसमोरून हलेना. सोमवारी दुपारी मामीजी छपरीत सुपात तांदूळ निवडत बसली होती. मी तिच्यापासून दोन हातांवर बसले.

"मामीजी, मी मंगळवारी बाहेर बसतो ते खोटं असते."

तिला कळलं नाही. "काय खोटं?"

"येत नाई मले. दोन-दोन, तीन-तीन महिने. न् येते तवा मी सांगत नाई."

सूप थांबलं. "सांगत नाई म्हंजे? घरात शिवाशिव करते?"

"हौ."

"सैपाक?"

"हौ."

"नवरात्रातला निवद?"

"दोन दिवस."

तिनं सुपातले खडे एका बाजूला केले, तांदूळ एका बाजूला केला. खूप वेळ केला. मग म्हणाली, "काहून?"

"मी बाहेर बसली का तुमी चार दिवस बोलत नव्हत्या."

ती उठली. सूप तिथंच राहिलं.

त्या संध्याकाळी तिनं देव्हाऱ्यातले सगळे देव परातीत काढले, चिंचेनं घासले, नदीच्या पाण्यानं न्हाऊ घातले. मी घासलेल्या देवांना ती पुन्हा घासत होती आणि मी दारात उभी होते. लोणच्याची बरणी, मी हात घातलेली, तिनं परसात नेऊन खड्ड्यात उलटी केली. एका कैरीच्या हंगामाचं लोणचं. नऊ दिवस तिनं वेगळी चूल मांडून स्वतःपुरतं रांधलं. बोलणं शून्य. ह्यांना तिनं काकूंकडून लिहवून घेतलेलं पोस्टकार्ड गेलं, रजा काढू नको, एवढंच. मी स्वयंपाक करायची, एकटीच जेवायची, आणि सुईणबाईच्या सांगण्याप्रमाणं सकाळी नदीपर्यंत चालत जायची. नदीकाठी बायका कपडे धुताना एकमेकींना हाका मारत. मी उन्हात उभी राहून दाणा टिपायला आलेल्या कोंबडीसारखी इकडंतिकडं पाहत असे आणि परत येत असे. तेव्हा पहिल्यांदा वाटलं की खोटं बोलत होते तेव्हा निदान तांदळाबद्दल तरी कोणी बोलत होतं.

दहाव्या दिवशी सकाळी मामीजी चुलीतला कोळसा घेऊन छपरीत आली. गोदामाच्या नव्हे, आमच्याच भिंतीवर, खाली कोपऱ्यात, तिनं एक रेघ मारली.

मी म्हटलं, "मी मारतो ना."

"रेघ मी मारीन. तुह्या हातावर माहा भरोसा नाई."

मग कोळसा हातात तसाच धरून, भिंतीकडं तोंड करून म्हणाली, "मी बोलत नव्हती ते रागानं नाई. मले काय बोलाव ते समजत नव्हतं."

इतकंच. माफ केलं वगैरे आमच्याकडं कुणी म्हणत नाही. पण त्या दिवशीपासून उजाडताच माझ्यापुढं गरम भात, त्यावर तूप, बाजूला जवसाची चटणी. दुपारी तिळगुळाची गोळी. संध्याकाळी शतावरीचं दूध, जे चवीला ओल्या लाकडासारखं लागायचं आणि जे संपेपर्यंत ती समोरून हलायची नाही. माझे गुरुवार, शनिवार, सगळेच उपास बंद झाले. पुढं कधीतरी माझ्या लक्षात आलं की शनिवारी तिच्या ताटात काही नसतं. माझा सुटलेला शनिवार तिनं धरला होता. देवाला कबूल केलेलं कुणीतरी पुरं करायला हवं होतं.

पहिली खरी पाळी त्रेपन्नाव्या रेघेला आली. मी सांगितलं, चटई घेतली. ताट उंबऱ्यावर आलं, आणि ताटापलीकडं, आतल्या बाजूला, मामीजी स्वतःचं ताट घेऊन बसली. मधे उंबरा. तांदळाबद्दल बोललो. पुढची बेचाळिसाव्याला. मग पस्तीस, मग एकतीस. सुईणबाईनं भिंत पाहिली, माझी नखं पाहिली, आणि सुपारी तोंडात टाकून मामीजीला म्हणाली, "कोंबडी ठीक झाली. पण कोंबडा तिरोडीले."

मामीजी हसली नाही. दोन दिवस विचार करत राहिली, मग म्हणाली, तू जाय. मी म्हटलं, आणि तुम्ही? ती म्हणाली, माहं काय. ह्यांनी खोली बदलून घेतली, आणि पाचव्या दिवशीचं न्हाणं झाल्यावर, दुसऱ्या सकाळी, मी मोटरीत बसले. मांडीवर तिळाचा डबा. ती मोटर-अड्ड्यावर आली नाही. दारात उभी होती, तिथूनच आत गेली.

तिरोडीला एक खोली, लाल धूळ, आणि सकाळपासून संध्याकाळपर्यंत मी. तिथं गोदामाची भिंतही नव्हती. जाताना मामीजीनं एकच गोष्ट मागितली होती. तिला वाचता येत नव्हतं. कार्ड शेजारच्या काकू वाचून दाखवायच्या, आणि असल्या गोष्टी काकूंच्या तोंडून ऐकायला तिची तयारी नव्हती. म्हणून कार्डावर खुशाली लिहायची, आणि पाळी आली की कोपऱ्यात मधल्या दिवसांच्या रेघा मारायच्या. त्या तिला मोजता येत होत्या. आली नाही तर कार्ड नाही. कार्ड नाही, म्हणजे आशा.

पहिल्या महिन्यात एकतीस रेघा पाठवल्या. दुसऱ्या महिन्यात एकतीस झाले, पस्तीस झाले, आणि काही नाही. तिकडं ती पोस्टमनची वाट पाहत असणार आणि तो न थांबता पुढं गेला की आत जाऊन तूप कढवत असणार, हे मला दिसत होतं. माझी मला खात्री नव्हती. अंग जड नव्हतं, मळमळ नव्हती, नव्या पाण्यानं, नव्या जागेनं दिवस पुढं गेले असावेत असंच वाटत होतं. चाळिसाव्या दिवशी मी कार्ड घेतलं आणि कोपऱ्यात एकतीस रेघा मारल्या. सरळ, सुबक. हात अजिबात कापला नाही. पत्ता लिहिला. पोस्टाच्या पेटीपर्यंत गेले आणि तिथं उभी राहिले. लोणच्याच्या बरणीचा गळा खड्ड्यात उलटा झाल्यावर जो आवाज आला होता तो आठवत होता.

परत आले. पेन्सिल घेतली आणि त्याच कार्डावर उरलेल्या नऊ रेघा मारल्या. खाली लिहिलं, मामीजीला सांगा, या चाळीस आहेत, अजून संपलेल्या नाहीत. कशामुळं ते मला माहीत नाही. काकूंनी वाचलं तर वाचू दे, असं मनाशी म्हटलं. आणि ते पेटीत टाकलं.

त्रेचाळिसाव्या दिवशी आली. तेही कळवलं, त्रेचाळीस रेघा मारून.

उत्तर अकरा-बारा दिवसांनी आलं. काकूंच्या अक्षरात तीन ओळी. तीळ संपले असतील तर सांग. शतावरी थांबवू नको. सकाळी जेवत जा. आणि त्या तीन ओळींच्या चहूबाजूंनी, कडेपासून कडेपर्यंत, कोळशाच्या रेघा. काही पुसट, काही एकमेकींवर चढलेल्या. हे म्हणाले, आईनं हे काय खरडलं आहे. मी कार्ड घेऊन दारात उजेडात बसले आणि मोजायला लागले. माझ्या तारखांशी जमेनात. एकतीस नव्हत्या, चाळीस नव्हत्या, त्रेचाळीसही नव्हत्या. दोनदा मोजल्या. अठ्ठ्याहत्तर.

मग मी उलट मोजत गेले, कार्ड पोस्टात पडलं असेल त्या दिवसापासून मागं, आणि मी मोटरीत बसले त्या सकाळी येऊन थांबले.

ह्यांना मी काही सांगितलं नाही. बालाघाटची मोटर शनिवारी किती वाजता सुटते, एवढंच विचारलं.